चौदा नंबरचा बिल्ला

मल्लेश्वरम, बंगळूर
ता. ३ ऑगस्ट १९५८

चि. हेमीस,

तुझ्या भागुआज्जीचे उभ्याउभ्याच आशीर्वाद. बसून दिले असते, पण एकदा बसले की उठवायला दोन माणसं लागतात आणि तुझा बाप हरी कारखान्यात गेलाय.

अक्षर बघून दचकू नकोस. माडीवर नवीन बिऱ्हाड आलंय. शुभदा म्हणून पुण्याची मुलगी आहे, ती लिहितेय. इतके दिवस हरी लिहायचा. मी घटकाभर बोलायची आणि तो 'येथील सर्व कुशल' एवढं लिहून मोकळा व्हायचा. शुभदाला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, व्याकरण तुझ्या सासूला दाखव.

बातमी मोठी आहे. माझं प्रेशर उतरलं! बसवंत डॉक्टरांच्या दवाखान्यात नवीन गोळीची परीक्षा चालली होती, कसल्याशा मुळीची गोळी. मंगळवार बायकांचा वार. आम्ही चोवीस जणी. पहिल्या दिवशी मोजलं, सहा आठवडे गोळी दिली, मग पुन्हा मोजलं. माझं आधी एकशे शहाऐंशी, नंतर एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "शाबास, आज्जी!" सासरी-माहेरी, दोन्हीकडं मिळून, मला शाबास म्हणणारा हा पहिलाच माणूस.

आता मी आपल्या आठव्या क्रॉस रस्त्यापासून देवळापर्यंत ज्याला त्याला आकडे सांगत फिरते. भाजीवालीसुद्धा म्हणते, "अक्का, प्रेशर सांगून झालं असेल तर भेंडी घ्या." बिचारी शेजारची यल्लव्वा, तिला मात्र गोळी लागू पडली नाही. तिचं चढलंच. डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलंय. मी तिला रोज धीर द्यायला जाते, जाताना माझं लोणचं घेऊन जाते आणि तिच्यासमोर बसून खाते, म्हणजे तिलाही उमेद यावी.

तू तिथं नक्की काय करतेस ते एकदा कळव. हरी म्हणतो, आकड्यांचं काम. आकड्यांचं काम वाणीही करतो, त्यासाठी पुण्याला कशाला जायला हवं?

तुझी आज्जी

—

पुणे, ता. ११ ऑगस्ट १९५८

ती. आज्जीस,

नमस्कार. उभी असशील तर बस. हे पत्र लांब आहे आणि शुभदाताईंना ते दोनदा वाचावं लागणार आहे.

'संशोधन करते' असं मी घरी सांगितलं ते अर्धं खरं. दिवसभर मी बेरजेच्या यंत्राचं हँडल फिरवते. तुझं जातं आणि माझं यंत्र यांत फरक एवढाच, की जात्यातून पीठ निघतं. पण गेल्या महिन्यात आमच्या विश्वेश्वर सरांनी मला पहिल्यांदा स्वतःचं काम दिलं, आणि काय योग बघ, ते तुझ्याच गोळीचं आहे!

सहा गावच्या सहा दवाखान्यांनी ही गोळी देऊन बघितली. प्रत्येकाकडं वीस-पंचवीस माणसं. एवढ्याशा माणसांवरून काही ठरत नाही, म्हणून सहाही एकत्र करून सांगायचं: गोळीनं खरंच उतरतं की नाही? सगळ्यांची सरासरी धरली तर उतार चारचा आहे. तुझे अडतीस बघून हुरळू नकोस, तू अपवाद आहेस. आता हा चारचा उतार खरा, की असाच योगायोग? ते ठरतं पसाऱ्यावर. म्हणजे कुणाचं किती उतरलं, कुणाचं चढलं, हे एकमेकींपासून किती लांब पसरलंय त्यावर. पसारा थोडा असेल तर चार खरे. पसारा मोठा असेल तर चारला कोण विचारतो?

घोडं इथंच अडलंय. पाच दवाखान्यांनी आधीची सरासरी आणि पसारा कळवला, नंतरची सरासरी आणि पसारा कळवला. पण उताराचा पसारा कुणीच कळवला नाही. आणि आधीच्या-नंतरच्या पसाऱ्यांवरून तो काढायचा तर आणखी एक गोष्ट लागते: जिचं आधी जास्त होतं तिचं नंतरही जास्तच राहिलं का? आधी आणि नंतर हातात हात घालून चालतात का? ते माणूसवार तक्ता असल्याशिवाय कळत नाही. असा तक्ता फक्त एकानं पाठवला, तुझ्या बसवंत डॉक्टरांनी. नावं नाहीत, नंबर आहेत. त्यावरून तो हात किती घट्ट आहे ते काढायचं आणि बाकी पाच दवाखान्यांना उसनं लावायचं, असा माझा बेत.

पंधरा ऑक्टोबरला अहवाल द्यायचाय. नाही जमला तर फाईल नंदकिशोरकडं जाईल आणि मी परत हँडलवर. नंदकिशोर वाईट नाही, पण तो माझ्या टेबलाजवळून जाताना शीळ घालतो.

तुझी हेमी

—

मल्लेश्वरम, ता. १८ ऑगस्ट १९५८

चि. हेमीस आशीर्वाद, या वेळी बसून.

पत्र दोनदा नव्हे, चारदा वाचून घेतलं. शुभदा पाचव्यांदा म्हणाली, "आजी, आता मलासुद्धा पाठ झालं." मग तिला कॉफी दिली आणि सहाव्यांदा वाचायला लावलं.

हे बघ, यात शिकण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. सणाच्या आधी आमच्या गल्लीतल्या बायका काट्यावर उभ्या कर, आणि सणानंतर पुन्हा कर. यल्लव्वा आधी एकशे अठरा पौंड, नंतर एकशे वीस. मी आधी किती ते काट्याला ठाऊक, तुला कशाला? पण नंतर त्याहून चार जास्त. सगळ्या थोड्याथोड्या वाढतात, पण रांग तीच राहते. लठ्ठ ती लठ्ठ, वाळकी ती वाळकी. कुणाचं किती वाढलं म्हटलंस तर दोन, तीन, चार. थोडक्यात आटपलं. हाच तुझा लहान पसारा ना?

आता दुसरी गल्ली घे. तिथं सणानंतर लठ्ठ एकदम वाळली आणि वाळकी फुगली. गल्लीची सरासरी तीच, गल्लीचा पसाराही तोच, पण एकीचे चाळीस वाढलेत नि दुसरीचे चाळीस उतरलेत. अशा गल्लीत काहीतरी भानगड आहे असं समजावं आणि त्या गल्लीत मुलगी देऊ नये.

बसवंत डॉक्टरांचा तक्ता बघशील तर आमची गल्ली पहिल्यासारखी निघेल. डॉक्टर फार नेमका माणूस. एकदा मी दोन मिनिटं उशिरा गेले तर म्हणाले, "स्वल्प लवकर निघत जा, आज्जी." मी म्हटलं, मी लवकरच निघते हो, पोचायला मात्र उशीर होतो, एवढं सगळं बरोबर आणायचं असतं.

तुझी आज्जी

—

पुणे, ता. २९ ऑगस्ट १९५८

ती. आज्जीस,

नमस्कार. तुझी दुसरी गल्ली सापडली. बसवंत डॉक्टरांच्या तक्त्यात.

आधी आणि नंतर यांचा हात इथं धरलेलाच नाही. पूर्ण घट्ट असेल तर एक म्हणतात, अजिबात नसेल तर शून्य. सत्तर-शतांश तरी येईल म्हणून मी वाट बघत होते. आले बारा-शतांश. तीनदा हँडल फिरवलं, तरी बाराच. वाटलं माझंच चुकलं, कारण चुकण्यात माझा हातखंडा आहे, म्हणून नंदकिशोरकडून तपासून घेतलं. बारा. त्यानं शीळसुद्धा घातली नाही, एवढं वाईट.

याचा अर्थ असा, की उताराचा पसारा जिथं चौदाच्या आसपास हवा तिथं चोवीस येतो. तोच सहाही दवाखान्यांना लावला की चारचा उतार त्यात बुडून जातो, आणि मला लिहावं लागेल, 'गोळीबद्दल काही सांगता येत नाही.' दोन महिन्यांचं काम आणि निष्कर्ष एवढाच!

आणि आज्जी, तक्त्याच्या कडेला कंपाउंडरनं वजनंही लिहिली आहेत. नऊ नंबरची बाई सहा आठवड्यांत त्रेचाळीस पौंड वाढली. चौदा नंबरची तेवढीच उतरली, एकशे बासष्टवरून एकशे एकोणीस. आणखी दहा-बारा जणी अशाच. मला वाटतं, नक्कल करताना ओळी खाली-वर झाल्या असाव्यात. चौदा नंबरचं प्रेशर आधी एकशे शहाऐंशी, नंतर एकशे अठ्ठेचाळीस. म्हणजे चौदा नंबर तूच ना? मग खरं सांग, तू एकशे एकोणीस पौंडांची कधी झालीस?

तुझी हेमी

—

मल्लेश्वरम, ता. ३ सप्टेंबर १९५८

चि. हेमीस आशीर्वाद.

मी वाळलेय. तुला इतक्या लांबून दिसत नाही म्हणून काय झालं? शुभदाकडं यायला दोन जिने चढायला लागल्यापासून अगदी उतरलेय. बांगड्या सैल झाल्यात. हरी परवाच म्हणाला, आई, तू अर्धी दिसतेस. दाराआड उभी होते तेव्हा म्हणाला, पण म्हणाला.

नऊ नंबर कोण ते मला ठाऊक नाही. बायका केळी खातात, फुगतात. दवाखान्याचा काटाही जुना. बाकी इथलं सर्व कुशल. पत्र आटोपतं घेते, कुकर लावायचाय.

तुझी आज्जी

(हेमलताताई, मी लिहिणारी, साक्षीदार नव्हे. तरी एवढं कळवते की आमच्या घरात कुकर नाही, त्यांच्याही नाही. आणि आजी जिन्यात पूर्वी जेवढ्या मावत होत्या तेवढ्याच मावतात. — शुभदा)

—

पुणे, ता. ८ सप्टेंबर १९५८

ती. आज्जीस,

नमस्कार. थट्टा करायचं त्राण नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

डॉक्टरांना पत्र घातलं होतं. त्यांचं उत्तर आलं: नक्कल बरोबर आहे, मूळ वहीतही हेच आकडे आहेत. सर म्हणतात, मग हे आकडे घरी बसून रचलेत. कुठलीही जिवंत माणसं सहा आठवड्यांत अशी फुगत-वाळत नाहीत. बंगळूरचा तक्ता बनावट आहे असं लिहून तो वगळायचा, असा त्यांचा विचार. तो वगळला की माझ्याकडं उसनं द्यायला काही उरत नाही, आणि फाईल नंदकिशोरकडं. माझं जाऊ दे. पण बसवंत डॉक्टर खोटे आकडे लिहितील, हे माझ्या हातानं कागदावर कसं लिहू?

तुला काही ठाऊक असेल तर सांग. अगदी काहीही.

हेमी

—

मल्लेश्वरम, ता. १८ सप्टेंबर १९५८

चि. हेमीस,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर तुला नको झाले असतील.

डॉक्टरांनी काही रचलेलं नाही. जे काय रचलं ते मी.

पहिल्या दिवशी कंपाउंडरनं आम्हाला पत्र्याचे बिल्ले दिले, वर नंबर खोदलेले, आणि सांगितलं, येताना आणा. आता बिल्ला म्हणजे काय? आमच्या लेखी बिल्ला म्हणजे पाळी. नळावर आम्ही काय करतो? जिचं मूल रडतंय तिची घागर पुढं, जिच्या घरी नुसतीच सून आहे तिची मागं. नळावर ही वाटणी कोण करतं? मी. वीस वर्षं करतेय, एक भांडण नाही. झाली ती दोनच, आणि त्यांत मी जिंकले.

सहा आठवड्यांनी गेलो तर नर्स नवीन. जुनी लग्नाला गेलेली. नवी आमची तोंडं ओळखेना, आत बसून नुसते नंबर पुकारायची. बाहेर बाकावर चोवीस जणी. कुणाचा उपास, कुणाला होसकोट्याची बस गाठायची, कुणी चुलीवर डाळ ठेवून आलेली. मग मी उभी राहिले, कुणी उठवायच्या आत, आणि सगळ्यांचे बिल्ले गोळा करून सोयीनं वाटले. यल्लव्वाला घाई नव्हती, तिचा नऊ मी घेतला आणि माझा चौदा तिला दिला, कारण मला भूक लागली होती. पुढाऱ्याला एवढं असतंच. मोजून झाल्यावर जिचा बिल्ला तिला परत. शेवटी नर्स बाहेर येऊन म्हणाली, "किती शिस्तीच्या बायका!" मी म्हटलं, "सरी, सरी, बरोबर आहे," आणि घरी येऊन हरीला ऐकवलं.

तुझं आठ तारखेचं पत्र शुभदानं वाचलं. कॉफीही नको म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "आज्जी, चूक माझी. मी पण तोंडं बघितली नाहीत, नंबर बघितले." एवढा शिकलेला माणूस माझी चूक आपल्या अंगावर घेतो म्हटल्यावर मला जास्तच लाज वाटली. ओरडला असता तर उलटून बोलता तरी आलं असतं.

त्यानंतर पाच दिवस मी आणि शुभदा दारोदार. तिच्या हातात कागद, माझ्या हातात तिचा हात. 'तुला कुठला बिल्ला दिला होता गं?' अर्ध्याजणींना नंबर वाचता येत नाही, मला आकडे तेवढे येतात. पण कुणाचा बिल्ला घेतला ते प्रत्येकीला आठवतंय. 'चंपाचा मी घेतला', 'माझा त्या उंच बाईनं'. चंपा लेकीकडं होसकोट्याला गेली होती, तर बसनं तिथवर जाऊन आलो. सीट दोघींची, बसले मी, शुभदा उभी. अदलाबदल झालेल्या पंधरा जणी निघाल्या, मला धरून. यादी सोबत आहे, डॉक्टरांनी वाचून सही केलीय.

आता आशीर्वाद. घेतलेस तर.

आज्जी

—

पुणे, ता. २६ सप्टेंबर १९५८

ती. आज्जीस,

घेतले. सगळे घेतले.

तुझी यादी सरांपुढं ठेवली. ते म्हणाले, "आजीबाईंच्या आठवणीवर अहवाल लिहायचा?" मी म्हटलं, आठवणीवर नको, वजनांवर तपासू. तू नि यल्लव्वा सोडल्यास यादी करताना तुला कुणाचंच वजन ठाऊक नव्हतं. तुझ्या यादीप्रमाणं ओळी लावल्या, आणि पंधरापैकी तेरा जणींची आधीची-नंतरची वजनं पाच पौंडांच्या आत जुळली. दोघींची जुळली नाहीत, त्या वगळून तसं लिहिलं. सरांनी तेराही ओळी स्वतः तपासल्या आणि विचारलं, "ह्या बाईंना नोकरी हवी आहे का?"

आणि हात धरला गेला, आज्जी! बाराचे एकाहत्तर झाले. उताराचा पसारा चोवीसचा चौदा झाला. गंमत अशी, की सरासरी जवळजवळ जागच्या जागीच. तू बिल्ले कसेही वाट, चोवीस जणींची बेरीज तीच राहते. बिघडते फक्त कोण कुणाची हे. बाकी पाच दवाखान्यांना एकाहत्तर लावून पाहिले, साठ लावून पाहिले, ऐंशीही. तिन्ही वेळा चारचा उतार टिकला. गोळीचा गुण लहान आहे, पण खरा आहे. अहवाल माझ्या नावानं जातोय. डॉक्टरांच्या तक्त्याबद्दल जे झालं ते सगळं त्यात लिहिलंय.

आता जे लिहायचं त्यासाठी दोन दिवस हात उचलत नव्हता. एकशे अठ्ठेचाळीस हे यल्लव्वाचे आहेत. तिचं एकशे सत्तरवरून एकशे अठ्ठेचाळीस झालं, तिला गोळी चांगली लागू पडली. तुझं आधी एकशे शहाऐंशी होतं. नंतर एकशे नव्वद. ज्या आठ जणींना गुण आला नाही, त्यांत तू आहेस. लगेच डॉक्टरांकडं जा.

आणि एक विचारायचं होतं. तू माझी आज्जी, म्हणून सर म्हणतात, हवं तर चौदा नंबरही वगळता येईल; कुणी बोट ठेवायला नको. तुला काढलं तर पसारा आणखी थोडा आवरेल आणि उतारही जरा जास्त दिसेल. काय करू?

तुझी हेमी

—

मल्लेश्वरम, ता. १ ऑक्टोबर १९५८

चि. हेमीस अनेक आशीर्वाद.

मला ठाऊक होतं. तू त्रेचाळीस पौंडांचं लिहिलंस त्याच दिवशी कळलं होतं, की तिच्या वजनाबरोबर तिचं प्रेशरही माझ्या नावावर आलंय. मी वाळले म्हणून सांगितलं ते डॉक्टरांच्या भीतीनं नव्हे. एकशे अठ्ठेचाळीस माझेच राहावेत म्हणून. शाबास परत द्यायची जिवावर आली होती. एवढी म्हातारी, आणि पेढा लपवणाऱ्या पोरीसारखी वागले. तुझं काम बुडतंय हे कळेपर्यंत गप्प बसले, याची लाज या कागदात मावायची नाही. तरी शुभदाला म्हटलं, कोपऱ्यात बसव.

यल्लव्वाला सांगितलं. म्हटलं, तुझं उतरलंय, चढलेलं ते माझं, दोन महिने तू माझ्या वाटचं अळणी खाल्लंस. मला वाटलं, आता बोलणंच तोडेल. ती म्हणाली, "भागक्का, मग तू इतके दिवस बरी होतीस ती कुणाच्या जिवावर?" आणि एवढी हसली, एवढी हसली, की तिचंही प्रेशर चढलं असेल. उद्यापासून माझ्या आमटीत किती मीठ पडलं ते चाखायला ती रोज येणार आहे. डॉक्टरांचा हुकूम नव्हे, तिचा.

आता तुझ्या प्रश्नाचं. मला काढू नकोस. गोळीचा गुण सांगायचा तर जिला आला नाही तिलाही धरून सांग. मी बाकीच्या चौदा जणींना फिरवून माझ्या सोयीनं बसवलं, आता माझी नात मला तिच्या सोयीनं उठवणार का? तुझा पसारा थोडा वाढला तर वाढू दे. जन्मभर मी कुठं गेले की तिथं पसारा वाढतोच.

काल डॉक्टरांकडं गेले. बाकावर नऊ जणी होत्या. एक म्हणाली, "अक्का, तुम्ही मोठ्या, पुढं व्हा." मी म्हटलं, नको बाई, माझ्या पाळीलाच जाईन. दीड तास बसले. डॉक्टरांनी आधी माझं तोंड बघितलं, मग बिल्ला, मग हाताला पट्टा बांधला. दुसरी गोळी दिलीय. आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी. शुभदाला म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही. ती म्हणते, "आजी, हे काय मिरवण्यासारखं आहे?" मी म्हटलं, नाही गं. पण माझं आहे.

तुझी आज्जी

१८८